पट्टी भरली, आवाज तुटला

एक

प्रेमिलाबाई रामटेके नाव घेता घेता थांबल्या आणि नंदनवनच्या विहारातलं सभागृह चिडीचूप झालं.

थांबल्या म्हणजे त्यांचा आवाज थांबला. बाई स्वतः दोन आठवड्यांपूर्वीच गेल्या होत्या, कुहीजवळच्या आपल्या गावी, नव्वदीला टेकून, कुणालाही फारसा त्रास न देता. त्यांच्या पुण्यानुमोदनाला जमलेली माणसं सतरंजीवर बसून त्यांचीच मुलाखत ऐकत होती. बाईंची जीभ म्हणजे सुटलेली गाडी, एकदा निघाली की ब्रेक नाही. १९५६ साली नागपुरात दीक्षा घेऊन गावी परतल्यावर वस्तीनं काय ठरवलं, ते त्या सांगत होत्या. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, पाटलाचा निरोप आला तरी नाही, असा शब्द सगळ्या घरांनी एकमेकांना दिला होता.

“सगळ्यायनं शब्द देला,” स्पीकरमधून आवाज आला. “वरसभर पाळला बी. मंग एक जण गेला. पाटलाचा मेलेला बैल ओढाले गेला. त्याचं नाव होतं...”

पुढे काही क्षण नुसती पंख्याची घरघर ऐकू आली. मग तीही बंद पडली.

कॉम्प्युटरजवळ बसलेल्या पायल मेश्रामनं वायरी तपासल्या, फाइल मागं नेऊन पुन्हा लावली. पुन्हा तोच शब्द, तीच घरघर, तीच शांतता. फाइल तिथंच संपत होती.

तेव्हा प्रेमिलाबाईंचा मुलगा गोविंदा उठून उभा राहिला. मौद्याच्या प्लांटमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला, सत्तरीच्या उंबऱ्यावरचा, आवाजानं मोठा माणूस. “ज्याच्या घरचं नाव होतं, त्यानंच कापलं,” तो म्हणाला आणि पायलकडे बघत राहिला.

पायलचं मूळ घर त्याच गावचं. मुलाखत घेणारी तीच, कॉम्प्युटरवर उतरवून ठेवणारीही तीच. लोकांना आणखी काय हवं? आठवडा उलटायच्या आत अख्ख्या नंदनवनात झालं की शब्द मोडणारा मेश्रामांचा म्हातारा, म्हणजे पायलचा पणजोबा, आणि पणतीनं ते झाकलं. पायलचे आजोबा धम्मानंद मेश्राम गेली कित्येक वर्षं दर रविवारी विहारात वंदना म्हणत. त्या रविवारी त्यांची जागा रिकामी राहिली.

सोमवारी विहार समितीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर मनोहरराव गजभिये वच्छला वासनिक यांच्या दारात उभे होते. वच्छलाताईंची उभी नोकरी बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या चौकशा करण्यात गेली होती. निवृत्त झाल्या तरी गल्लीतली भांडणं अजून त्यांच्याकडेच येत. मनोहररावांनी सांगितलं की येत्या रविवारी बैठक आहे, पायलला मुलाखतींच्या कामावरून काढून टाकावं असं बहुतेकांचं मत आहे, आणि त्याआधी कुणीतरी नीट बघावं असं त्यांना वाटतं.

वच्छलाताईंनी ऐकून घेतलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, “सर, तुमचं घर बी त्याच गावचं न?”

मनोहररावांनी बाहीचं बटण लावलं, हो म्हणाले, आणि चहा न घेताच उठले.

दोन

विहाराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्याचं नाव स्मृतिदालन. दीक्षेचा काळ पाहिलेली माणसं एकेक करून चालली आहेत, तर त्यांचे आवाज तरी राहावेत म्हणून मनोहररावांनी हे सुरू केलं होतं. एक जुना कॉम्प्युटर, एक हार्ड डिस्क, एक रेकॉर्डर आणि रेकॉर्डरमध्ये एकुलतं एक कार्ड, एवढाच संसार. मुलाखत कार्डावर घ्यायची, आणून डिस्कवर उतरवायची आणि पुढच्या मुलाखतीला तेच कार्ड पुसून न्यायचं.

या मुलाखतींची एक रीत होती. म्हातारी माणसं चारचौघांत जे बोलत नाहीत ते यंत्रापुढं बोलतात, हे मनोहररावांच्या लक्षात आलं होतं. म्हणून शेवटचा भाग ‘एकांताचा’. मुलाखत घेणाऱ्यानं रेकॉर्डर चालू ठेवून बाहेर अंगणात जाऊन बसायचं. आतल्या माणसाचं बोलून झालं की त्यानं मोठ्यानं ‘जय भीम’ म्हणायचं. ती हाक ऐकली की आत जाऊन यंत्र बंद करायचं. आणि माणूस जिवंत आहे तोवर एकांताचा भाग कुणी म्हणजे कुणी ऐकायचा नाही. या नियमाला मनोहरराव शाळेच्या घंटेइतके जपत.

पायलनं वच्छलाताईंना खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली. पंचविशीची पोर, पण चार दिवसांत तोंड एवढंसं झालं होतं.

तिचं म्हणणं सरळ होतं. प्रेमिलाआजीला एकटं सोडून ती गोविंदाकाकांबरोबर अंगणात बसली होती. आतून जय भीम ऐकू आला, तो काकांनीही ऐकला, मग तिनं आत जाऊन रेकॉर्डर बंद केला. म्हणजे कार्डावर सगळं होतं. दुसऱ्या दिवशी दालनात येऊन तिनं कार्ड लावलं, डिस्क लावली, कॉपीची आज्ञा दिली. पडद्यावरची पट्टी भरली, खाली ‘झालं, डिस्क काढा’ असं आलं. तिनं डिस्क काढून कपाटात ठेवली आणि किल्ली सरांना दिली. कार्ड दोन दिवसांनी सरांनीच पुसलं, कारण मौद्याच्या मुलाखतींना तेच जाणार होते. आता त्यावर दुसऱ्याच माणसांचे आवाज बसले होते.

“मावशी, मी त्यातला एक शब्द बी ऐकला नाही,” पायल म्हणाली. “आजोबा मले काही विचारत नाहीत, बोलत बी नाहीत. नुसते खाटेवर बसून राह्यतात. त्यांनी एकदा रागावलं असतं तर बरं झालं असतं.”

वच्छलाताईंनी तिला बसवलं. आरोपी रडायच्या बेतात आला की त्याला रोजच्या कामाचं विचारावं, ही त्यांची जुनी सवय. पट्टी भरेपर्यंत काय करते, असं त्यांनी विचारलं.

पायल म्हणाली, लांबलचक मुलाखत असली की ती खाली यमुताईंच्या टपरीवर चहाला जाते. चहा प्यायचा, ग्लास विसळून द्यायचा, दोन गोष्टी बोलायच्या, जिना चढून वर यायचं, तरी पट्टीचा एक तुकडा भरायचा शिल्लक असायचा. तो तुकडा भरेपर्यंत खिडकीत उभं राहायचं.

“अन त्या दिवशी?”

पायलनं आठवून पाहिलं. “त्या दिवशी वर आली तर भरून होती. पण हल्ली रोज तसंच होऊन राहिलं.”

“हल्ली म्हणजे कवापासून वं?”

“झाला असेल महिना,” पायल म्हणाली. “यमुताईंचा चहा लवकर होऊन राहिला असेल, असं मले वाटलं.”

वच्छलाताई जिना उतरून थेट टपरीवर गेल्या. यमुताईंनी हात कमरेवर ठेवून सांगितलं की चहा तोच, शेगडी तीच, आणि पायल त्यावर फुंकर मारत बसते तेवढाच वेळ आजही बसते.

तीन

मनोहररावांना त्यांनी घरीच गाठलं. डेपोत त्या शिकल्या होत्या की ज्यानं चौकशी मागितली त्यालाच आधी बसवावं. कपाटाची किल्ली यांच्याकडे, कार्ड पुसलं यांनी, घर त्याच गावात. नियमावर बोट ठेवायचं तर पायलच्या आधी यांचं नाव लागत होतं.

मनोहररावांनी आढेवेढे घेतले नाहीत. शाळा सांभाळलेला माणूस, पोरांना खोटं बोलू नका म्हणता म्हणता स्वतःलाही सवय लागली असावी. त्यांचे वडील पाटलाच्या वाड्यावर जाऊन येऊन असत. वस्तीला ते आवडत नसे. घरात त्यावर कधी कुणी बोललं नाही, आणि बोललं नाही म्हणूनच मनोहररावांच्या मनात लहानपणापासून ती पाल चुकचुकत होती.

“आवाज तुटला तेव्हा मला बरं वाटलं,” ते म्हणाले. “खरं सांगतो. सुटलो, असं वाटलं. मग ती पोर वायरी तपासताना दिसली आणि माझी मलाच लाज वाटली. पण मी कापलं नाही, वच्छलाबाई. कसं कापतात तेही मला ठाऊक नाही.”

येत नाही म्हणणारे कंडक्टर वच्छलाताईंनी ढिगानं पाहिले होते. त्यांनी मान हलवली, विश्वास ठेवलाही नाही आणि टाकलाही नाही. मग त्या पट्टीवर आल्या. ती महिन्याभरापासून लवकर भरते असं पायल म्हणते, त्याचं सरांना काही माहीत आहे का?

मनोहररावांचा चेहरा एकदम उजळला. माहीत कसं नाही, ती त्यांनीच दुरुस्त करवून घेतली होती. आधीची पट्टी ठार खोटारडी. ‘एक मिनिट बाकी’ असं लिहायची आणि मिनिट उलटून गेलं तरी तिथंच रेंगाळायची. एकदा त्यांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली, आणि लबाडी पकडली. जितेंद्र डोंगरे नावाचा मुलगा दालनाचा कॉम्प्युटर बघतो, त्याला बोलावून सांगितलं की संस्थेचं मिनिट मिनिटाएवढंच असलं पाहिजे.

“त्यानं केलंही चोख,” मनोहरराव म्हणाले. “आता ती माझ्या घड्याळाला घड्याळ लावून चालते. सेकंदाचा फरक नाही.”

वच्छलाताईंना यात गुन्हा कुठं दिसेना. पण महिना जुळत होता, आणि जुळणारी गोष्ट त्या सहसा सोडत नसत. उठता उठता त्यांनी विचारलं, की हे पायलला कुणी सांगितलं होतं का.

“तिला काय सांगायचं त्यात?” मनोहरराव म्हणाले. “घड्याळ बरोबर केलं की कुणाला नोटीस काढतात का?”

चार

जितेंद्र डोंगरे मिहानमधल्या एका कंपनीत कामाला होता आणि सुटीच्या दिवशी दालनाचा कॉम्प्युटर बघून जात असे. हुशार आणि हौशी मुलगा, बोलायला लागला की समोरच्याला कळतंय का हे बघायला विसरणारा. वच्छलाताईंनी त्याला दालनातच बोलावलं आणि सांगितलं की मला कॉम्प्युटर येत नाही असं समजून बोल, कारण खरंच येत नाही.

त्यानं पडद्यावर दहा-पंधरा ओळी उघडल्या. ही शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला एकापाठोपाठ एक दिलेल्या आज्ञा. त्याच्याही आधी कुणीतरी लिहून ठेवलेली. यातली पहिली आज्ञा कॉपी सुरू करते आणि ती मागं गुपचूप चालू राहते. दुसरी आज्ञा फाइल केवढी आहे ते बघून किती वेळ लागेल याचा अंदाज बांधते. आणि मग पुढं पट्टी निघते.

“जुन्या पट्टीची पद्धत अशी होती, मावशी,” तो म्हणाला. “एक चौकोन काढायचा, एक सेकंद झोपायचं. उठायचं, परत चौकोन काढायचा, परत एक सेकंद झोपायचं. दिसायला बरोबर. पण चौकोन काढायलाही वेळ लागतो न? टक्के मोजायचे, आकडा लिहायचा, अन हा कॉम्प्युटर तर बाबा आदमच्या काळातला. म्हणजे दर फेरीत एक सेकंद झोप, वर कामाचा थोडा वेळ. तो वरचा वेळ कोणी धरतच नव्हतं. साठ फेऱ्या झाल्या की पट्टी म्हणे एक मिनिट झालं, अन खरं त्याहून बरंच जास्त झालेलं असे. जेवढी फाइल मोठी तेवढी पट्टी मागं.”

“मंग तू काय केलं?”

“झोपा मोजणं बंद केलं. सुरुवातीला घड्याळ बघून ठेवायचं, दर फेरीत परत घड्याळ बघायचं, दोन्हीतला फरक काढायचा अन तेवढी पट्टी भरायची. मधल्या फेरीला कितीही वेळ लागो, पट्टी घड्याळासोबतच चालणार. दोन ओळींचं काम होतं.” कॉलर ताठ करायची तेवढी त्यानं बाकी ठेवली होती.

वच्छलाताईंनी त्या दोन ओळींकडे पाहिलं. त्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण चाळीस वर्षं त्या ज्या धंद्यात होत्या तो वेळेचाच होता. त्यांनी विचारलं, “कॉपी खरंच संपली हे या पट्टीले कोण सांगते गा?”

“अंदाज आहे न तेवढ्यासाठी.”

“अंदाज कवाचा?”

“स्क्रिप्ट लिहिली तेव्हाचा. डिस्क नवी होती तेव्हाचा असेल.” जितेंद्र सहज बोलून गेला आणि कळफलकावरचा त्याचा हात तसाच राहिला.

वच्छलाताईंना एका चौकशीची आठवण झाली होती. डेपोतली पहाटेची एक गाडी वर्षानुवर्षं उशिरा सुटायची. गावोगावची माणसं त्या उशिराच्या हिशेबानंच फाट्यावर येत. एक नवा ड्रायव्हर आला, शिस्तीचा. त्यानं पहिल्याच दिवशी गाडी ठरल्या वेळेला काढली. निम्मे प्रवासी रस्त्यावर राहिले आणि ड्रायव्हरनं गाडी पळवली अशी तक्रार डेपोत आली. ड्रायव्हर खोटा नव्हता आणि प्रवासीही खोटे नव्हते. दोघांना समोरासमोर बसवून हे समजावता समजावता त्यांचा घसा बसला होता.

“बाबू,” त्या म्हणाल्या, “तुही पट्टी वेळेवर येऊन राहिली. पण सामान अजून फाट्यावरच असलं तर?”

जितेंद्रनं त्या दोन ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

पाच

शंका आली म्हणजे खरी ठरली असं नाही. वच्छलाताईंनी पुरावा मागितला, आणि तो दालनातच होता.

महिन्याभरात उतरवलेल्या सगळ्या मुलाखतींची शेवटची ओळ त्यांना ऐकायची होती. मनोहररावांनी साफ नाही म्हटलं. ती माणसं जिवंत आहेत, एकांताचा भाग ऐकायचा नाही. वच्छलाताईंनी समजावलं की त्यांना गुपितं नकोत, फक्त शेवटचे दोन शब्द हवेत. ते आहेत की नाहीत एवढंच बघायचंय. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी सरांनी स्वतः कळफलकाजवळ बसून, शेपूट तेवढं ऐकवायचं, या अटीवर मान तुकवली.

आधी जुन्या मुलाखती लावल्या. कुणी खणखणीत, कुणी दम लागलेल्या आवाजात, पण प्रत्येकाचा शेवट जय भीमनं होत होता. मग दुरुस्तीनंतरच्या लावल्या. एक आजोबा ‘अन ती बकरी जी सुटली ते...’ इथंच राहिले. एक बाई कुणाच्या तरी लग्नात जेवायला बसल्या त्या ताटावरच थांबल्या. काही अगदी छोट्या मुलाखती पूर्ण होत्या. पण लांब मुलाखतींपैकी एकीलाही जय भीम नव्हता.

“या बकरीनं कोणाच्या घराची अब्रू नेली असती?” वच्छलाताई म्हणाल्या. “ही कापाले कोण आलं होतं?”

रविवारच्या बैठकीला त्यांनी भाषण केलं नाही, सगळ्यांना नुसतं वर नेलं. खोलीत जागा नव्हती, तर माणसं दारात आणि जिन्यावर उभी राहिली. गोविंदाही होता, हाताची घडी घालून. मौद्याच्या शेवटच्या मुलाखतीचं कार्ड अजून पुसलेलं नव्हतं. पायलनं रोजच्यासारखं ते लावलं, डिस्क लावली आणि आज्ञा दिली. जितेंद्रनं एकच गोष्ट केली. डिस्क नेहमी भिंतीला टेकून असायची, ती त्यानं फिरवून तिचा छोटा निळा दिवा लोकांकडे केला. लिहिणं चालू असेल तोवर तो लुकलुकतो, एवढंच त्यानं सांगितलं.

पट्टी सरकू लागली. मनोहररावांनी घड्याळ काढून हातात घेतलं होतं. पट्टी घड्याळाबरोबर चालली, घड्याळाबरोबर भरली आणि खाली ‘झालं, डिस्क काढा’ असं आलं.

निळा दिवा लुकलुकतच होता.

यमुताई जिन्यावरून मान उंचावून बघत होत्या. एवढ्या वेळात पायल डिस्क काढून, कपाट लावून, किल्ली घेऊन खाली गेली असती. दिवा थांबला तेव्हा मनोहररावांनी घड्याळ खिशात टाकलं. त्यांनी शेवटची ओळ लावली आणि मौद्याच्या एका म्हाताऱ्याचा जय भीम खोलीत घुमला.

जितेंद्रनंच पुढं होऊन सांगितलं. डिस्क जुनी झाली, हळू लिहू लागली, अंदाज मात्र नव्या डिस्कचाच राहिला. इतकी वर्षं पट्टी मागं पडायची म्हणून कॉपीला पुरेसा वेळ मिळत गेला. एका चुकीनं दुसरी चूक झाकली होती. त्यानं पहिली दुरुस्त केली आणि दुसरी उघडी पडली. पट्टी घड्याळाला विचारून भरत होती, कॉपीला कधी विचारतच नव्हती.

“पायलनं पट्टीवर विश्वास ठेवला, मी घड्याळावर,” मनोहरराव म्हणाले, आणि सगळ्यांदेखत त्यांनी त्या पोरीपुढं हात जोडले.

लोक पांगायला लागले. जाता जाता दोघी-तिघींनी पायलच्या पाठीवरून हात फिरवला. पण जिना उतरताना कुणीतरी जे बोललं ते वरपर्यंत ऐकू आलं. कापलं नसेल तिनं, पण नाव तर मेश्रामांचंच असेल न.

पायलनं वच्छलाताईंकडे पाहिलं. “आजोबा काही यायचे नाहीत, मावशी,” ती म्हणाली.

सहा

वच्छलाताईंनी गोविंदाला थांबवून घेतलं. बाकीच्यांना खाली चहाला पाठवलं आणि दार लोटलं.

प्रेमिलाबाई आता नव्हत्या, तेव्हा त्यांचा एकांत ऐकायला नियमाची आडकाठी नव्हती. वच्छलाताईंनी ती मुलाखत पुन्हा पुन्हा ऐकली होती. बाईंनी गावातल्या एकूण एक माणसाचं नाव घेतलं होतं. धम्मानंदचा बाप, मनोहरचा बाप, विहिरीवरचा पाटलाचा गडी, सगळे नावानिशी आणि टोपणनावानिशी, कुठंही न अडखळता. अख्ख्या मुलाखतीत एकाच माणसाचं नाव त्यांनी टाळलं होतं. त्याला त्या दर वेळी ‘गोविंदाचा बाप’ म्हणाल्या होत्या. त्या पिढीतल्या बायका मरेपर्यंत नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत.

वच्छलाताईंनी यातलं काहीच बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त शेवटचा भाग लावला.

“...त्याचं नाव होतं...” आणि मग ती पंख्याची घरघर.

सभागृहात त्या घरघरीला सगळे बिघाड समजले होते. पण तिथं आवाज तुटला नव्हता, बाई थांबल्या होत्या. दोन तास न थांबलेली बाई एका नावापाशी अडली होती, आणि तेवढ्यात फाइल संपली होती.

गोविंदानं तो भाग दुसऱ्यांदा लावू दिला नाही.

“दौलत,” तो म्हणाला. “दौलत रामटेके. माहा बाप.”

मुलाखत झाली त्याच संध्याकाळी आईनं त्याला जवळ बसवून सांगितलं होतं, की मशीनला सगळं सांगून टाकलंय. त्याआधी त्याला ठाऊक नव्हतं. त्या वेळी गोविंदा वर्षाचाही नव्हता, तापानं फणफणला होता. कुहीच्या दवाखान्यात न्यायचं तर बंडी पाहिजे, आणि बैलबंडी गावात पाटलाचीच. पाटील बापाला म्हणाला, आधी मेलेला बैल ओढून टाक, मग बंडी ने.

“आवाज तुटला तवा मले हलकं वाटलं, बाई,” गोविंदा म्हणाला. “मंग वाटलं, आता लोकं विचारतीन कोणाचं नाव, कोणाचं नाव. मनून आधीच दुसऱ्याकडे बोट केलं. पोर कापणार नाई, हे काय मले समजत नव्हतं?”

वच्छलाताईंना त्याचा राग आला होता आणि तो गेलाही नव्हता. पण आता कुठं जायचं ते सांगायची वेळ त्यानं त्यांच्यावर आणली नाही. तो जिना उतरला, चहा पीत उभ्या असलेल्या माणसांमध्ये जाऊन त्यानं आपल्या बापाचं नाव घेतलं, कारण सांगितलं नाही, आणि बाहेर पडला. वच्छलाताई आणि पायल त्याच्या मागोमाग गेल्या.

मेश्रामांचं घर दोन गल्ल्या सोडून. धम्मानंद खाटेवर बसलेले होते. गोविंदा उंबऱ्यातच उभा राहिला आणि जे सांगायचं ते एका दमात सांगून मोकळा झाला. बाप, बैल, बंडी, आणि स्वतःचं बोट दाखवणंसुद्धा.

धम्मानंदांनी सगळं ऐकून घेतलं.

“मले माहीत होतं गा,” ते म्हणाले. “मी सात-आठ वर्षांचा होतो. बंडीत तुह्या मायच्या बाजूले माही माय बसली होती. तुले आळीपाळीनं मांडीवर घेत गेल्या दोघी.”

गोविंदाला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, “मंग बोलले काहून नाई, दादा? तुमच्या घरावर आलं, पोरीवर आलं. एका शब्दात सुटले असते.”

“पोरीनं कापलं नाई, ते आज ना उद्या निघालंच असतं.” धम्मानंदांनी पायलकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी पाहिलं. “तिच्याशी बोलाले बसलो असतो तर तोंडातून निघून गेलं असतं, मनून बोललो नाई. तू दवाखान्यातून जिता परत आला, त्या दिवशी सारी वस्ती तुमच्या अंगणात जमली. तुहा बाप कोपऱ्यात तोंड लपवून बसला होता. तवा सगळ्यायनं अजून एक शब्द देला. दौलतचं नाव कोणी घ्याचं नाई, तेच्या पोराजवळ बी नाई. पहिला शब्द मोडला होता. हा मोडू द्याचा नव्हता.”

गोविंदा उंबऱ्यावर खाली बसला. धम्मानंदांनी खाटेवर सरकून त्याच्यासाठी जागा केली आणि पायलला चहा टाकायला सांगितलं.